मंत्रजल प्यालेले उंदीर

उंदरांनी महाराजांचं पाणी प्यायलं आणि त्यांच्या रक्तातली साखर उतरली! संशोधन संस्थेचं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. माणसं टाचा उंचावून पिंजऱ्यात डोकावत होती. उंदरांच्या पाया पडायचंच काय ते बाकी होतं.

“मुका जीव खोटं बोलतो का?” महाराज माइकवर गरजले. “काल संध्याकाळी साखर चढलेली. रात्रभर पिंजऱ्यात फक्त माझं मंत्रजल, दुसरं काही नाही. आज सकाळी साखर खाली! टाका त्या इन्सुलिनच्या सुया माझ्या थाळीत!”

पहिल्या रांगेत अप्पा बसले होते, सुकलेले ओठ चाटत. महाराजांच्या शब्दाखातर दोन दिवस त्यांनी इन्सुलिन घेतलं नव्हतं. त्यांची लेक याच संस्थेच्या प्रयोगशाळेत संशोधक. उंदरांचं रक्त तिनेच काढलेलं. घरी तिने हातापाया पडून विनवलं, तर म्हणाले होते, “तुझेच आकडे बोलू देत. मग बघू.”

“या बाई, सांगा. आकडे खरे की खोटे?” महाराजांनी तिला पुढे बोलावलं.

“खरे,” ती म्हणाली. पुन्हा टाळ्या. खोटे म्हणावं तर अहवालावर सही तिचीच, खरे म्हणावं तर बाप हातचा जातो! संचालकसाहेब महाराजांच्या पायाशी बसलेले. दाद मागायची कुणाकडे?

अप्पा धापा टाकत उठले आणि इन्सुलिनचं पेन त्यांनी थाळीत ठेवलं.

‘दुसरं काही नाही.’ महाराजांचे शब्द तिला आठवले. म्हणजे खाद्यही नाही! रक्त काढायच्या आदल्या रात्री खाद्य काढून घ्यायचं, हा प्रयोगशाळेचा शिरस्ता. अंगवळणी पडलेला, म्हणून काल तिनेही डोळे झाकून पाळला. पण संध्याकाळचं रक्त तर पोटभर खाल्लेल्या उंदरांचं होतं. इतकी साधी गोष्ट तिच्याही ध्यानात येऊ नये!

तिने मूठभर खाद्य पिंजऱ्यात टाकलं. उंदीर तुटून पडले.

“अगं बाई, उपाशी होते की बिचारे!” मागून कुणीतरी म्हणालं.

“उपाशी पोटी साखर उतरतेच. नळाचं पाणी पाजलं असतं तरी उतरली असती,” ती म्हणाली.

“अन्नाने जलाची शक्ती विटाळते!” महाराज ओरडले.

“मग ही शक्ती जेवणाऱ्यांच्या काय कामाची?” तिने विचारलं. लोक हसले. तासाभराने तिने पुन्हा रक्त तपासलं, तर बाटलीत तेच मंत्रजल असताना उंदरांची साखर चढली होती.

“पण मीही कालपासून उपाशीच आहे,” अप्पा पुटपुटले. “मग माझीही उतरली असेल ना?”

तिने त्यांचं बोट टोचलं. मीटरवर आकडाच येईना. साखर त्याच्या मापापलीकडे गेली होती.

“अप्पा, उंदरांचं शरीर इन्सुलिन बनवतं. तुमचं नाही बनवत. इन्सुलिन नसलं की उपाशी पोटीही साखर चढतच जाते. त्यांना उपास पेलला, तुम्हाला नाही पेलणार.”

अप्पांनी थाळीकडे हात नेला. महाराजांच्या एका शिष्याने थाळी मागे ओढली. “वाहिलेलं परत घेत नाहीत.”

“माझा बाप नाही वाहिलेला!” ती कडाडली आणि पेन हिसकावून अप्पांना थेट दवाखान्यात घेऊन गेली.

तर मंडळी, आकडा खरा असला तरी तो कशामुळे आला, हे विचारा. औषध सोडायला सांगणाऱ्याला तर दहादा विचारा. विचारलं म्हणून कुणाचा देव कोपत नाही; न विचारल्यापायी त्या दिवशी एका लेकीचा बाप हातचा जायचा, तो थोडक्यात वाचला.