थोरल्याची ड्यूटी

धाकट्याने जन्मात खरं इंजिन चालवलं नव्हतं, पण कॉम्प्युटरवर ते उभं करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जुनी ब्रिटिश बनावटीची वाफेची इंजिनं तो खिळ्या-खिळ्यानिशी बनवायचा आणि ट्रेन चालवण्याच्या खेळाचे शौकीन ती विकत घेऊन घरबसल्या पळवायचे. पन्नाशी उलटली तरी खेळण्यांत रमतो, असं नातेवाईक म्हणायचे. म्हणोत बापडे.

या खेपेचं इंजिन मात्र खेळणं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ याच जातीच्या इंजिनावर फायरमन होता, भट्टीत कोळसा टाकायचा. चालत्या गाडीत वाफेची नळी फुटली आणि थोरला ड्यूटीवरून परतलाच नाही. धाकटा तेव्हा एवढा लहान होता, की भावाचा चेहरा त्याला फक्त फोटोतला ठाऊक होता. हे शल्य त्याने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही.

संग्रहालयातल्या चालू इंजिनाची शिट्टी, चाकं, वाफ, सगळं त्याने रेकॉर्ड करून आणलं. तिथला फायरमन माइक बघून असा काही लाजला, की नव्या नवरीसारखा हळूच फावडं चालवू लागला. शेवटी धाकट्याने अंगणात स्वतःच कोळसा उपसला. फावड्याचा एकच फटका रेकॉर्ड केला आणि तोच पुन्हा पुन्हा वाजेल अशी सोय केली.

एका दुपारी तो आवाज बदलला. तीन फावडी कोळसा, मग भट्टीच्या तोंडावर फावड्याची टक्, आणि एक लांब श्वास. धाकट्याने फाइल तपासली, काढून पुन्हा घातली. फाइलमध्ये एकच फटका होता, आणि वाजत होते तीन.

आई भिंत धरत दारात आली. "थोरला आलाय का रे? शेगडीत कोळसे घालतानाही अशीच टक् करायचा मेला. किती ओरडायचे मी."

त्या दिवसापासून धाकट्याने चूक शोधणं सोडलं. सकाळी इंजिन सुरू करायचा आणि चहाचा कप घेऊन समोर बसायचा. घरातल्या गोष्टी सांगायचा, नातेवाइकांच्या नकला करायचा. इतका आनंदात तो कधीच नव्हता. आई मात्र दिवसेंदिवस उतरत गेली.

"बंद कर ते," एकदा ती म्हणाली.

"आई, इतक्या वर्षांनी घरी आलाय तो!"

"आलाय कुठे? राबतोय. दम लागलाय त्याला, ऐकू येत नाही? गाडी पोचल्यावर काय करतोस तू?"

"काही नाही. खेळ बंद करतो."

"आणि आतली आग?"

धाकट्याने पडद्यावरच्या भट्टीकडे पाहिलं. खरं इंजिन शेडमध्ये आलं की भट्टीतली आग खाली पाडतात, राख काढतात, मग फायरमनची ड्यूटी सुटते. खेळात एवढा धीर कोणाला? स्टेशन आलं की बटण दाबून लोक जेवायला जातात.

"म्हणजे त्याची ड्यूटी कधी सुटायचीच नाही," आई म्हणाली. "आणि आता हे विकून माझ्या लेकाला घरोघरी राबवणार तू?"

"मला तो आठवतसुद्धा नाही, आई. तुला निदान आठवतो."

आईने त्याच्या टकलावरून हात फिरवला. "माहीत आहे रे. पण सोडव त्याला."

चार दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. पण खेळातल्या शेडमध्ये राखेचा खड्डा बनवला, भट्टीची जाळी उघडेल असं केलं. मग आईला शेजारी बसवून इंजिन शेडमध्ये आणलं आणि आग पाडली.

निखारे खाली कोसळले. फावडं कुणीतरी हळूच टेकवून ठेवलं. हा आवाज त्याने रेकॉर्ड केलेलाच नव्हता. मग बूट शिडीवरून उतरले आणि खडीवरून चालू लागले.

धाकट्याने आवाज मोठा केला, स्पीकरला कान लावला. पावलं लांब चालली होती. 'दादा' अशी हाक त्याच्या ओठांवर आली. हाक मारली तर तो मागे फिरेल, याची त्याला पक्की खात्री होती. पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.