गळ्यातली पाटी

आजकालच्या पोरींकडं बाईंनी नुसतं डोळं वटारून बघितलं तरी घरी येऊन रडत्यात. आमच्या मिशनच्या शाळंत असत्या तर दुसऱ्या दिवशीच गाव सोडून पळाल्या असत्या. तिथं घंटा झाली की रांग, रांगंत नखं बघायची, उवा बघायच्या, मग प्रार्थना. प्रार्थनेत कुणी डोळं उघडलं की प्रार्थना पुन्हा पहिल्यापासनं. आता शाळंच्या गोऱ्या मडमबाईंचंबी डोळं मिटलेलं असायचं, मग त्यांना कळायचं कसं? मला अजून उमगलं न्हाय.

निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळंत उर्दू, आन् तीबी पोरांसाठी. अणदूरच्या आमच्या भागात पोरींना मराठी शिकवणाऱ्या मडमबाईच. आप्पांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, मला तिथं घातलं ते एका अटीवर. "रुद्रम्मा, शाळंतनं एक तक्रार आली की दप्तर चुलीत. कळंबचं स्थळ तयार हाय." मी अकरा वर्षांची. कळंबचा तो नवरदेव म्या बघितला होता, नाक पुसायचीबी अक्कल नव्हती त्याला. म्हणून मी शाळंत लई शहाण्यासारखी वागायची. एक पपई सोडली तर.

ती मडमबाईंच्या बंगल्यामागं पिकली होती. म्या एकटीनं खाल्ली, अर्धी उभ्यानं, अर्धी बसून.

"कन्ये, हे फळ कोणी तोडिले?" मडमबाईंनी विचारलं. त्या पुस्तकासारखंच बोलायच्या.

"वांदरानं, बाई. म्या डोळ्यांनी बघितलं. लाल तोंडाचं होतं."

"आणि त्याच वानराने तुझ्या हनुवटीस हे बी चिकटविले काय?"

झालं! कपाटातनं पाटी निघाली. वीतभर लाकूड, त्याला दोरी, वर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: 'मी खोटे बोलले'. मडमबाईंनी सोताच्या हातानं ती माझ्या गळ्यात घातली. नियम असा की पाटी घालूनच घरी जायचं, घरच्यांनी वाचायचं, आन् सकाळी प्रार्थनेला तशीच परत आणायची. छडी चालली असती मला. पण ही तर तक्रारच की, गळ्यात बांधून धाडलेली! सगळ्या वाटंनं चुलीत जळणारं दप्तर दिसायला लागलं.

दारात आप्पा, आन् गप्पा मारायला आलेले शेजारचे अण्णाराव.

"हे काय गं गळ्यात?" आप्पांनी विचारलं.

"मडमबाईंनी घातली... त्यांच्या हातानं," एवढंच निघालं तोंडातनं.

आता आमी लिंगायत. गुरूनं सोताच्या हातानं गळ्यात बांधलेलं लिंग आमी जन्मभर उतरवत न्हाय. आप्पांचा चेहरा उजळलाच की! "अगं चन्नम्मा, भाईर ये! पोरीला गुरुबाईंनी गळ्यात बांधलंय!" माझी अव्वा, म्हंजे आई, विभूती घेऊनच आली. पाटीला तीन बोटं विभूती ओढली, फूल वाहिलं, आन् "माझं सोनं गं, बंगारा!" म्हणून माझा मुका घेतला.

"वीरप्पा, लिवलंय काय पण?" अंगठाबहाद्दर अण्णाराव म्हणाले.

आप्पांना वाचता येत न्हाय हे घराभाईर कुणालाच ठावं नव्हतं. सरकारी कागदावर उर्दूत सही ठोकायला शिकले होते, तेवढ्यावर गावात शिकल्याला माणूस म्हणून मान होता. आप्पांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "शाळंत पहिली आली, असं लिवलंय," ठणकावून सांगितलं.

म्या तोंड उघडलं, आन् मिटलं. लाज वाटली, न्हाय असं न्हाय. पण सुटले ह्याची खुशी जास्ती झाली.

सकाळी मात्र भलतंच झालं. आप्पा नवा फेटा बांधून, नारळ घेऊन, अण्णारावांना संगं घेऊन माझ्या पुढं निघाले. मडमबाईंचे आभार मानायला!

शाळंच्या पायरीवर आप्पांनी नारळ ठेवला, हात जोडले. "बाई, पोरीचं सोनं केलंत." मडमबाईंनी विभूती बघितली, फूल बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्यांना समदं कळलं. मला वाटलं आता त्या सांगणार. पण हळूच म्हणाल्या, "रुद्रम्मा, पाटीवर काय लिहिले आहे ते तुझ्या वडिलांस वाचून दाखीव." आन् तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

'पहिली आली' म्हणले असते तर आप्पांची इज्जत राहत होती, माझं दप्तरबी. तिथं अडवणारं कुणी नव्हतं, मडमबाईंनी समदं माझ्यावर सोडलं होतं. आन् तेच मला सहन होईना.

"मी... खोटे... बोलले," म्या बोट ठेवून वाचलं. "पपई म्या खाल्ली, आप्पा. आन् काल घरीबी गप बसले."

अण्णाराव फिस्सकन हसले. "मग वीरप्पा, तुमी काल काय वाचलं हो?"

आप्पांचे कान लाल झाले. आता हात पडणार म्हणून म्या डोळे गच्च मिटले, प्रार्थनेत कधी मिटले न्हाईत इतके. हात आला, पण दोरीला. आप्पांनी पाटी माझ्या गळ्यातनं काढली, फेटा काढून काखेत मारला, आन् पाटी सोताच्या गळ्यात घातली.

"बाई, ही आज माझ्याकडं राहू द्या," ते म्हणाले. "उद्या प्रार्थनेला आणून देतो. नियम सगळ्यांना एकच."

"आप्पा, दप्तर?" मला रडू आवरंना.

"चुलीत घालू व्हय? मग मला खरं वाचून कोण दाखवंल?"

दिवसभर आप्पा तसेच गावात फिरले. काय लिवलंय म्हणून विचारलं की म्हणायचे, "शाळा सुटू द्या. आमची रुद्रम्मा सांगंल." सांजच्याला मी घरी आले तर दारात ही गर्दी! मधी आप्पा, गळ्यात पाटी. म्या पुटपुटतच वाचायला लागले.

"मोठ्यानं वाच गं," आप्पा म्हणाले. "मागच्यांना ऐकू येऊ दे."