टर्की ओढ्याची लढाई

अठराशे चौसष्ट सालच्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, जॉर्जियात आमच्या टर्की ओढ्यावर लढाई झाली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लढाई आपली म्हणायची. तीन आठवडे ओढ्याच्या अलीकडे आमचे दक्षिणेचे शिपाई आणि पलीकडे उत्तरेचे यँकी निवांत बसून होते. आमच्याकडे तंबाखू होती, कॉफी नव्हती, त्यांचं उलट. म्हणून रोज सकाळी कुणीतरी डोक्यावर पुडकं घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जायचं आणि अदलाबदल करून यायचं. गोळीबाराचा हुकूम आलाच, तर आधी समोरच्यांना ओरडून सांगायचं, एवढी माणुसकी दोन्हीकडे होती.

मग कॅप्टन थ्रॅशर आला. मिशा स्वतःच्या, घोडा मागून आणलेला. "शत्रूशी देवघेव करील त्याला गोळी घालीन," असं त्यानं आल्या आल्या जाहीर केलं.

दुसऱ्याच सकाळी माझे बाबा, आमच्याच शिपायांतले अझरिया टटल, भर ओढ्यात तंबाखूसकट सापडले. आई आणि मी त्यांची न्याहारी घेऊन काठावर उभ्या होतो.

"टटल, मागे फीर! गोळी घालतो तुला!"

"मग मागे कशाला फिरू, साहेब?"

कॅप्टननं गोळीबाराचा हुकूम सोडला. आमचे शिपाई रीतीप्रमाणे ओरडले, "डोकी खाली घ्या रे!" आणि झाडांच्या शेंड्यांवर बंदुका झाडल्या. तिकडूनही तेच. ओढ्यात नुसता पाला पडला. पण आमच्या शेजारीच घोड्यावर बसलेल्या कॅप्टननं पिस्तूल बाबांच्या पाठीवर रोखलं.

"या काका, कॉफी उकळतेय!" पलीकडून एक लाल दाढीवाला यँकी म्हणाला.

बाबांनी आईकडे पाहिलं. 'यँकी' म्हटलं की माझी आई चूळ भरायची.

"माझ्याकडे काय बघताय, अहो? तिकडेच जा!" ती किंचाळली आणि मक्याची गरम लापशी तिनं कॅप्टनच्या घोड्याच्या पार्श्वभागावर ओतली. गोळी आभाळात गेली, कॅप्टन चिखलात. बाबा पलीकडे पोचले.

युद्ध संपल्यावर ते घरी आले, तेव्हा चांगले गुबगुबीत झाले होते. पण कॅप्टननं अब्रू वाचवायला वर कळवलं होतं, की टटल शत्रूवर एकटा चालून गेला आणि धारातीर्थी पडला. पुढे गावातल्या बायकांनी स्मारकाचा दगड उभारला, तेव्हा त्यांनी कॅप्टनचा कागदच खरा मानला आणि बाबांचं नाव त्यावर कोरलं. बाबा समोर उभे होते तरी. दर वर्षी बाबा तिथे जाऊन स्वतःसाठी टोपी काढायचे.

"पुरे झाला स्वतःचा शोक," आई म्हणायची, "जेवायला चला."