पहिल्या ओळीचं पाणी

संत्र्याचं झाड मोठं खट्याळ. रोज पोटभर पाजा, नुसतं पाल्यावर जाईल. महिनाभर तहानेलं ठेवा, पानं मलूल पडू द्या, अन् मग पाणी सोडा. फुलांनी लदबदून जाईल. याला म्हणतात ताण देणं. खुशालरावानं कपाशी मोडून दोनशे संत्री लावली तेव्हा गाव हसलं होतं. आता सातव्या वर्षी पहिला बहार धरायचा होता. मार्गशीर्षात त्यानं मोट बंद केली.

"थेंब द्याचा नाही," त्यानं बायकोला बजावलं. "नाहीतं सात वर्साची मेहनत पाण्यात."

पंचफुलेनं मान हलवली. पण हेच शब्द तिनं आधी ऐकले होते! लावणीच्याच साली पटकीची साथ आली. त्यांचा सहा वर्षांचा देवमन दोन दिवस "माय, पाणी" करत राहिला, आणि वैद्यानं सांगितलं म्हणून खुशालराव म्हणाला होता, थेंब द्याचा नाही. भरला माठ हाताशी होता. लेकरू कोरड्या ओठांनी गेलं.

विहिरीजवळच्या पहिल्या ओळीत देवमननं चिमुकल्या हातांनी माती लोटली होती. बाराव्या दिवशी त्या झाडांची पानं वळली, आणि पंचफुलेचा जीव राहिना. नवरा दर्यापूरच्या बाजाराला गेला की पोहऱ्यानं पाणी काढायची, घागर कमरेवर घ्यायची अन् एकेका आळ्यात रिती करायची. आपण चोरी करतोय हे तिला कळत होतं, भीतीही वाटत होती. हात थांबत नव्हते.

संक्रांतीनंतर मोट चालली. माघात बाग पांढरी झाली, वास पार गावात गेला. पहिली ओळ मात्र हिरवीगार, फूल औषधाला नाही.

खुशालराव ओळीशी उभा राहिला. "काहून वो? तूच पाजलं ना?"

"हो, म्या पाजलं," ती म्हणाली. "त्या वक्ती तुमचं आयकलं. आता नाही आयकत."

खुशालराव तिथंच बांधावर बसला अन् कितीतरी वर्षांनी रडला.

पुढच्या मार्गशीर्षात बागेला ताण लागला. पहिल्या दिवशी पंचफुला घागर घेऊन विहिरीवर गेली, तर पोहरा आधीच ओला होता. खुशालराव पहिल्या ओळीत वाकून पाणी घालत होता.