वाळ्याची वरची ओळ

"माती धरून ठेवणं म्हणजे पुढची पिढी धरून ठेवणं," असं योजनेचे साहेब शाळेच्या पटांगणात उभे राहून सांगत होते, तेव्हा त्यांच्या मागची खुर्ची एक पाय मातीत रुतून हळूच कलंडली.

शाळेमागच्या उतारात लोखंडी गज ठोकून झाले होते, वर जाळी ताणली होती आणि जाळीच्या भोकाभोकांत वाळ्याचं गवत लावलं होतं. भूकंपात आतला थर गजांनी धरायचा, वरची माती मुळांनी, अशी वाटणी. योजना चांगली होती. फक्त गारुत जिल्ह्यातल्या त्या डोंगरातलं गाव पिढ्यान्‌पिढ्या वाळा लावत आलं होतं ते उपटण्यासाठी. मुळं भट्टीवर चढवून अत्तराचं तेल काढायचं, हाच धंदा. म्हणून राखणदार लागला आणि म्हातारा ओतोंग, सगळ्यांचा अबाह, म्हणजे बाबा, नेमला गेला. त्याच्याइतका वाळा गावात कोणी उपटला नव्हता.

"बोक्याला मासळीची राखण," त्याची बायको इचिह म्हणाली.

बोका मात्र बिघडला. शेळी हाकली, पोरं हाकली, शेवटी जावई यायात आला. त्या वर्षी कोणाच्याच शेतात मुळं उरली नव्हती. यायातची भट्टी थंड होती, आणि अशीच राहिली तर विकावी लागणार होती. तो सासऱ्यासाठी भात आणि खारा मासा घेऊन आला, शेजारी टेकला, हवापाण्याचं बोलला.

"अबाह, वरची एकच ओळ. कोणाला कळतंय?"

"खाली दुसरीच्या वर्गात कोण बसतं?"

"आपली लिलिस."

"मग मला काय विचारतोस? तिला विचार."

यायात उठला. जाताना भाताचा डबा परत घेऊन गेला. तेव्हापासून ओतोंगची मुलगी नेंदेन बापाशी बोलेना. ईदला रीतीप्रमाणे मोठ्यांची माफी मागायला वाकली, तीही तोंड मिटून.

"जन्मभर उपटलंत तेव्हा काही नाही," इचिह म्हणाली, "आता गवताचे हाजी झालात."

भूकंप आला तो भरल्या शाळेत. पोरं बाकांखाली शिरली. पलीकडची टेकडी रस्त्यावर येऊन बसली. शाळेमागचा उतार जागचा हलला नाही. ओतोंग उतारावर पालथा पडून दोन्ही मुठींत वाळा धरून होता. त्यानं वाळ्याला धरलं होतं की वाळ्यानं त्याला, हे त्यालाही नीट सांगता येईना.

आठवड्यानं साहेब आले. गजवाले म्हणाले, गजांनी तारलं. गवतवाले म्हणाले, मुळांनी. मशिदीतले मौलवी म्हणाले, ज्यानं तारलं त्याचं नाव दोघांच्याही तोंडी नाही. वाद मिटवायचा तर मुळं किती खोल गेलीत ते बघायला हवं. बघायचं तर उपटायला हवं. आणि मुळं न तोडता काढणारा हात ओतोंगचा.

"कुठली ओळ?" त्यानं विचारलं.

"वरची काढा. तिच्यावाचून काही अडत नाही," साहेब म्हणाले.

ओतोंगनं कुदळ उचलली. मग त्यानं वरची ओळ काढली. मुळं त्याच्या उंचीहून लांब निघाली. मोजमाप झालं, फोटो झाले. नंतर मुळं पोत्यात भरून जीपमध्ये गेली. कपाटात ठेवली की कपड्यांना छान वास येतो, असं साहेबांनी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली.

संध्याकाळपर्यंत त्यानं खड्डे बुजवले आणि मुळांच्या वासाचे हात न धुता लेकीच्या घरावरून गेला. अंगणात भट्टीच्या जागी चौकोनी काळा डाग होता. भट्टी मागच्याच महिन्यात भंगारात गेली होती.