खुडूक पेटीचं झाकण

मित्रांनो, मागच्या खोलीत रिकाम्या पोत्यांखाली जी लाकडी पेटी दिसते ना, ती मी. भंगारवाल्याची नजर माझ्यावर कधीची आहे. पण मी साधीसुधी पेटी नव्हे. कोंबडीची अंडी उबवणारी पेटी आहे, जुनी झाले म्हणून काय झालं!

मला एका सुताराने बनवलं, त्याच्या थोरल्या बहिणीसाठी. तिला सगळे आक्का म्हणत. मोडक्या कपाटाच्या फळ्या, आत बल्ब, काट्याचा तापमापक, पाण्याची ताटली, हवेसाठी बाजूला भोकं आणि वर झाकण, एवढाच माझा संसार. ऊब वाढली की बल्ब आपोआप बंद व्हायचे, कमी झाली की लागायचे. "घे आक्का, ही तुझी खुडूक," सुतार म्हणाला. अंडी उबवायची ओढ लागली की कोंबडी खुडूक होते. दाणापाणी विसरून बसून राहते आणि कुणी हात लावला तर टोचते. मी कधी कुणाला टोचलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

अंडी एकाच कुशीवर राहिली तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. म्हणून आक्का रोज झाकण उघडून ती हलक्या हाताने फिरवायची. तिचा चेहरा माझ्यावर वाकायचा. "काय गं, बरी आहेस ना?" असं ती विचारायची. मला की अंड्यांना, कोण जाणे! मी आपलं मलाच धरून चालत असे. पिल्लं तर सुकली की तिच्यामागे पळायची, माझ्याकडे वळून बघणारं एकही निघालं नाही. झाकण उघडण्याची ती घटकाभर वेळ मात्र माझी असायची.

एके दिवशी आक्काच्या ठिपकीला कुत्र्याने धरलं. आक्काच्या आईने पाळलेल्या कोंबड्यांपैकी ठिपकी ही शेवटची, आणि आईला जाऊनही फार दिवस झाले नव्हते. ठिपकीची मागे राहिलेली अंडी आक्काने माझ्यात ठेवली. "एवढंच उरलंय गं आईचं," ती म्हणाली. माझ्या फळ्यांना त्या शब्दांचं ओझं झालं.

पिल्लं निघायला थोडेच दिवस राहिले आणि भर दुपारी वादळाने विजेच्या तारा तोडल्या. बल्ब विझले. तापमापकाचा काटा खाली सरकू लागला.

आक्काचे यजमान शिंपी. ते इस्त्रीच्या टेबलावरचं जाड कांबळं घेऊन धावत आले आणि पहिला हात घातला तो झाकणालाच.

"अहो, हात काढा आधी!"

"अगं, जिवंत आहेत का बघू तरी."

"बघाल, आणि आहे तेवढी ऊबही घालवाल. कांबळं टाका वरून. ती भोकं झाकू नका, गुदमरतील बिचारी."

तिने गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून माझ्या दोन्ही कुशींना लावल्या. त्या निवल्या की पुन्हा भरायची. मग माझ्या फळीला पाठ टेकून ती बसून राहिली. मित्रांनो, तिने एकदा तरी वाकून बघावं म्हणून माझा जीव तुटत होता. तिचाही तुटत असणार, तिचा हात दोनदा झाकणापर्यंत येऊन मागे गेला. आमच्यात एका फळीचं अंतर होतं, आणि ते तसंच राहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वीज आली. पण ठरलेला दिवस उलटून गेला तरी अंडी गप्पच.

"आता काय वास सुटायची वाट बघायची?" यजमान म्हणाले. "टाकून दे."

"गारठली होती ती. त्यांना उशीर होणारच. थांबा जरा."

ती थांबली, आणि मीही उरलीसुरली ऊब घट्ट धरून बसले. अखेर एका अंड्याच्या आत टकटक झाली. बाकीची कधीच बोलली नाहीत. पण त्या एकातून ओलं, थकलेलं, ठिपक्यांचं पिल्लू बाहेर आलं. सुईत दोरा ओवताना वाकवतात तशी मान वाकवून यजमानांनी पाहिलं. "आली बघ तुझ्या माहेरची," ते म्हणाले आणि आक्का ढसाढसा रडली.

आज अंगणभर ठिपक्यांच्या कोंबड्या हिंडतात, त्या सगळ्या त्या एका पिल्लाच्याच वंशातल्या. त्यांची अंडी आता नव्या यंत्रात उबतात. त्याला बॅटरी आहे, काचेची खिडकी आहे, ते अंडीही स्वतःच फिरवतं. गुणी आहे हो, नावं ठेवायला जागा नाही. आक्काचे गुडघे दुखतात, या खोलीपर्यंत ती क्वचितच येते. आली तरी पोतं उचलते आणि निघून जाते.

मित्रांनो, वाढत्या जिवाला सारखं उघडून बघू नका, ऊब धरून थांबायला शिका. पण ज्यांनी तुम्हाला ऊब दिली, त्यांच्याकडे मात्र काम नसतानाही जात जा.

आणि आक्काला माझा एवढा निरोप सांगाल का? म्हणावं, आता माझ्यात एकही अंडं नाही. आता झाकण उघडलंस तरी काही गार होणार नाही.