बैल अजून पाण्यातच आहे

मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत धरता ना, तसाच; पण पुठ्ठ्याचा नाही, सागाच्या फळीचा. माझी गोष्ट खरे तर जन्मापासून सांगायला हवी. पण मला राहून राहून आठवते ते एक पत्र. आले, वाचले गेले आणि कितीतरी दिवस त्याला उत्तरच गेले नाही. ते माझ्याच चिमट्यात होते. म्हणून आधी ते सांगतो. मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

माझे मालक हरिसिंग मारेगावजवळच्या एका तांड्यात राहतात. पत्र त्यांच्या धाकट्या बहिणीचे होते. जमनीबाई तिचे नाव. तिला पैनगंगेपलीकडे, किनवटकडे दिलेले. अक्षर मोठे, ओळी वर चढत गेलेल्या.

"भिया," तिने भावाला लिहिले होते, "मले आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. घरी येऊन सांगशीन तर ओरडा लागन, अन् गोष्ट माह्याआधी अख्ख्या तांड्याले समजन. म्हणून लिहूनच पाठव. आपली याडी म्होरल्या बैलाची गोष्ट सांगे. मी नात ममताले सांगाले बसली, तर बैल पैनगंगेत उतरला अन् मी तिथंच अटकली. पुढचं मले येतच नाही. लहानपणी मी रोज तिथंच झोपून जावो. तू जागा राहे. बैलाचं काय झालं, लिही."

याडी म्हणजे त्यांची आई, आणि म्होरला म्हणजे मिठाच्या गोण्या वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यात सर्वांत पुढे चालणारा बैल. ती कधीच गेली. ती गोष्ट पूर्ण ऐकलेले आता एकटे हरिसिंगच उरले होते.

पत्र वाचून ते हसले, मग चष्मा काढून डोळे पुसले. त्यांनी मला मांडीवर घेतले, कोरा कागद लावला आणि लिहिले, 'प्रिय जमनी'. मित्रांनो, तेवढ्यात फोन वाजला.

आता माझा जन्म सांगतो. हरिसिंग तरुणपणी मारेगावच्या वाचनालयात कामाला लागले, तेव्हा तिथे पुस्तकांचे कपाट करायला उकंडा नावाचे सुतार आले होते. कपाट झाले आणि एक फळी उरली. ती घासून, गुळगुळीत करून उकंडांनी मला घडवले आणि वर लोखंडी चिमटा बसवला. चिमटा इतका कडक की हरिसिंगांची बोटे दुखली.

"उकंडाभाऊ, थोडा ढिला करा ना," ते हळूच म्हणाले.

"नाही करत," उकंडा म्हणाले. "मुद्दाम कडक ठेवला हाये. एकच कागद लावाचा, अन् भरल्याबिगर काढाचा नाही. तुमचं मन लय हिंडते, हरिसिंगभाऊ. मी पाहून राह्यलो सकाळपासून. पुस्तकं लावाले घेता अन् वाचतच बसता."

हरिसिंग लाजले. पण तो नियम त्यांनी पाळला. वाचनालय बंद झाले की लोक त्यांच्याकडे येत. कोणाचा अर्ज, कोणाचे सासरी गेलेल्या लेकीला पत्र. एक कागद लागे, भरे, निघे. मगच दुसरा. "हरिसिंगच्या हातचा कागद अर्धा राहत नाही," असे लोक म्हणत. ते ऐकून हरिसिंग खाली पाहत. मी मात्र फुगून जाई. माझ्या पाठीवर शाईचे डाग पडले, कडा हाताने काळ्या झाल्या. ते दिवस मला अजून हवेसे वाटतात.

मग हरिसिंग सेवेतून निवृत्त झाले. पत्रे लिहून घेणारे येईनासे झाले. मुलगा ओम याने त्यांना फोन आणून दिला. मित्रांनो, फोनशी माझे भांडण नाही. तोही बिचारा बोलावले की येतो. पण त्याला टेकायला काहीतरी लागते आणि ते काहीतरी मीच झालो. मला भिंतीशी उभे करायचे आणि माझ्या अंगावर फोन टेकवायचा. कागद धरणारा मी, आता चित्रे धरू लागलो. चंदाबाईंनी, म्हणजे हरिसिंगांच्या बायकोने, एकदोनदा माझ्याने चुलीला वाराही घातला. माझ्या चिमट्यात विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिका, कसली कसली पावती असे सगळे एकदम कोंबले जाऊ लागले. त्याने चिमटा सैल झाला. फार गोष्टी धरल्या की एकही घट्ट धरता येत नाही, हे मी तेव्हा अंगावर शिकलो.

त्याच गर्दीत जमनीबाईंचे पत्रही गेले, आणि 'प्रिय जमनी' एवढेच लिहिलेला तो कागदही.

हरिसिंग विसरले नव्हते. दुपारी ते मला घेऊन बसत. एक शब्द मनाजोगा आठवत नसे, म्हणून फोनवर शोधायला जात. तिथे कापसाचा भाव दिसे. भावाखाली कोणीतरी तिळाचे लाडू वळताना दिसे. लाडवाखाली एक माणूस माकडाला केळे सोलायला शिकवत असे. मग तांड्याच्या ग्रुपवर कोणाचे तरी 'शुभ दुपार' येई. मान वर करेपर्यंत ऊन ओट्यावरून उतरलेले असे.

"झालं का जी पत्र?" चंदाबाई विचारत.

"मले सुचूनच नाही राह्यलं."

"माकडाले केळं सोलता येऊन राह्यलं, अन् तुमाले दोन ओळी येत नाहीत!"

हरिसिंग पुन्हा फोनकडे वळत. भीती वेगळीच होती, ती मला माहीत आहे. लाकडाला मांडीची थरथर कळते. आईसारखी गोष्ट आपल्याला जमणार नाही, असे त्यांना वाटे. फोन ती भीती झाकायला बरा पडे.

मग चंदाबाई केळापूरला एका लग्नाला जाऊन आल्या. लग्नातले लुगडे बदलायच्या आतच त्या ओट्यावर बसल्या.

"तुमची बहीण भेटली जी मांडवात."

"काय म्हणे?"

"काय म्हणन? पोस्टमन दिसला की फाटकात येऊन उभी राहते म्हणे. ते ममता तिले रोज विचारते, आजी, बैलाचं काय झालं? तर जमनीबाई सांगते, बाई, बैल अजून पाण्यातच आहे. भियाचं पत्र आलं की निघन बाहेर."

हरिसिंगांनी मला जवळ ओढले. मग त्यांनी चिमट्यातला एकेक कागद काढला. बिल काढले, चिठ्ठी काढली, पत्रिका काढली. आतली स्प्रिंग पक्कडीने दाबून घट्ट केली. शेवटी तो एकच कागद लावला आणि फोन चंदाबाईंपुढे धरला.

"हा तुरीच्या डब्यात टाक."

"तुरीच्या? कीड लागन ना तुरीले!"

"लागू दे. पान भरल्याबिगर मले देऊ नको. मागतला तरी."

त्यांनी मागितला. डबा आतून गुरगुरला, तेव्हा ते अर्धे उठलेही. चंदाबाईंनी डब्यावर पाटा ठेवला. हरिसिंग पुन्हा बसले. खोडत, थांबत, स्वतःशीच मान हलवत लिहीत राहिले. किती वर्षांनी माझ्या पाठीवर लेखणीचा तो दाब मला जाणवला! त्यांनी लिहिले ते असे:

"बैल पाण्यात उतरला. पाण्याले ओढ होती. अल्याडच्या काठावरच्या हिरव्या जवारीचा वास आला, अन् मागचे बैल माना वळवू लागले. म्होरल्यानं मान नाही वळवली. गळ्यातली घंटा वाजवत तो पल्याड गेला. पण जमनी, गोष्ट तिथं संपत नाही. तो काठावर उभाच राह्यला. पाठीवर मिठाची गोणी, तरी मान हलवत राह्यला. घंटेच्या आवाजावर एकेक बैल येत गेला. सगळ्यात मागचा लंगडा गोऱ्हा वर चढला, तवा कुठं त्यानं पुढचं पाऊल टाकलं. याडी म्हणे, म्होरला पोचला म्हणून तांडा पोचत नाही, मागचा पोचला म्हणजे पोचते. अन् एक सांगतो. तू झोपून गेली तरी याडी गोष्ट अर्धी नाही सोडे. तुह्या पाठीवर थोपटत हळू आवाजात शेवटापर्यंत सांगे. मी एकटाच ऐको. तू ऐकली नाही, पण तुले सांगून झाली आहे."

पान भरले. तरीही ते म्हणाले, "पुन्हा एकदा लिहू का? याडीसारखं नाही झालं."

"तिले बैल पाहिजे जी, तुमची कारागिरी नाही. चला!"

मित्रांनो, उपदेश करण्याएवढा मी मोठा नाही. एवढेच मागतो. तुमच्याही कपाटात अर्धे चित्र, अर्धे पुस्तक, अर्धे पत्र असेल. कोणीतरी काठावर उभे राहून त्याची वाट पाहत असेल. बाकीचे थोडा वेळ तुरीच्या डब्यात ठेवा आणि तेवढे एक पार करून द्या. चांगले जमेल की नाही, ही शंका मला आणि माझ्या मालकांनाही आहेच. पण जे पोचलेच नाही, ते चांगले होते की वाईट हे कोण सांगणार?

ऑटोतून मारेगावच्या पोस्टापर्यंत हरिसिंगांनी मला छातीशी धरले होते. पाकीट माझ्याच चिमट्यात होते. लाल पेटीपुढे ते क्षणभर थांबले. मग त्यांनी चिमटा दाबला. घट्ट केलेला तो चिमटा त्यांच्या बोटांना पुन्हा दुखला असणार. पाकीट आत गेले आणि तळाशी पडल्याचा बारीक आवाज आला.

"निघाला जी बैल," चंदाबाई म्हणाल्या.